चोवीस व्होल्ट

हे लिहायचंच नाही, असं दिग्विजयनं ठरवून टाकलं होतं. आणि लिहायचंच झालं, तर खिळ्याचं तरी गाळायचं. खिळ्याबद्दल कुणी विचारलं नव्हतं. तो बघितला होता एकट्या ज्योतिबानं.

खिळा ठोकत असतानाच ज्योतिबा दारात आला. दिग्विजय स्टुलावर गुडघे टेकून बसलेला, कॅलेंडर हनुवटीनं भिंतीला दाबून धरलेलं, हातात हातोडी. कॅलेंडर वरच्या खिळ्यावरनं सारखं खाली पडायचं. म्हणून त्यानं खालच्या कडेलाही एक खिळा मारला, आरपार, सगळ्या पानांतनं.

"आता म्हैना कसा उलटायचा, गड्या?" ज्योतिबा म्हणाला.

"बघू की. नोव्हेंबर सपायला अजून आठ दिस हायत."

"पडत हुतं काय?"

"व्हय. वाऱ्यानं."

खिडकी बंद होती. ज्योतिबानं खिडकीकडं बघितलं, मग भिंतीकडं बघितलं, आणि काखेतलं टॉवेलाचं गाठोडं टेबलावर ठेवून सोडायला लागला. भिंत दोघांचीही होती. अलीकडं दिग्विजय आणि त्याची आई राहीबाई. पलीकडं ज्योतिबा, त्याचा थोरला भाऊ आकाराम आणि वैनी सोनम. चार इंची विटा, आणि दोन्ही घरांवर मिळून एकच पत्रा.

टॉवेलात गेम होता. टीव्हीला जोडायचा, दोन रिमोटवाला. सांगलीतल्या एका कॉलेजच्या पोरानं बंद पडला म्हणून टाकलेला. दिग्विजयनं तो खोलून जिवंत केला होता. तो हे कुठं शिकलेला नव्हता. मोबाईलवर व्हिडिओ बघत, चार बोर्ड जाळत त्याचा हात बसला. गेमच्या आतला पंखा गेलेला. तसला दुसरा मिळेना, म्हणून त्यानं तो कामाला असलेल्या कारखान्यातल्या सीएनसी मशीनच्या भंगारात निघालेला कंट्रोल पॅनेलचा पंखा बसवला. जाड, लोखंडी अंगाचा, चोवीस व्होल्टचा. तो आत मावेना, म्हणून झाकणाला पंजाएवढं भोक पाडलं आणि वर जाळी लावली. पुरे चोवीस व्होल्ट दिले की पंखा पिठाच्या गिरणीसारखा ओरडायचा. मग मधे काडेपेटीएवढं एक सर्किट टाकलं, व्होल्टेज कमीजास्त करायचं. त्याच्यावर पितळेचा बारीक स्क्रू. एका टोकापासनं दुसऱ्या टोकापर्यंत वीस वेढे. त्या स्क्रूनं एकदम काही व्हायचं नाही, वेढ्या-वेढ्यानं व्हायचं.

नऊ व्होल्टवर त्यानं तो लावून दिला होता. पंखा फिरतोय का नाही हे बघायला जाळीवर तळहात धरावा लागायचा. असलं काम सबंध कुपवाडात दुसरं कुणी करत नाही, हे दिग्विजय स्वतःच लोकांना सांगायचा.

"आता काय झालं ह्याला?"

"वाढव जरा."

"काय वाढव?"

"पंखा. गरम होतंय."

दिग्विजयनं मीटर लावला, स्क्रू फिरवला, पंधरा व्होल्टवर आणून थांबला. पंखा भुंग्यासारखा वाजायला लागला.

"आवाज करतोय बघ."

"करू दे," ज्योतिबा म्हणाला. बोलताना त्याचा पुढचा अर्धा तुटलेला दात दिसला. गाडीवरनं पडलो, असं त्यानं सगळ्यांना सांगितलं होतं. गाडीला ओरखडा नव्हता, पण गाडी कोण बघतंय.

गल्लीच्या मागं पत्र्याचं एक शेड होतं. तिथं लोखंडी पत्रा ठोकून कापायच्या तीन पॉवर प्रेस चालायच्या. सकाळी सातपासनं ढब्ब, ढब्ब. वाटीतलं ताक हलायचं. माणसं साधं बोलतानासुद्धा ओरडून बोलायची, पाव्हण्यांना वाटायचं ही सगळी भांडतायत. दिवाळीच्या आधी मालकानं प्रेस दुसऱ्या प्लॉटवर नेल्या, आणि एवढ्या शांततेचं करायचं काय, हे गल्लीला कळेना. शेजारच्या घरातला मोबाईल वाजला तरी लोक आपला बघायला लागले.

कॅलेंडर प्रेसमुळं पडतं, असं दिग्विजयच्या घरात इतकी वर्षं समजत होते. प्रेस गेल्या. कॅलेंडर पडतच राहिलं.

आकारामला गल्लीत नाव होतं. तो फौंड्रीत ओतकाम करायचा. पुराच्या साली खाली सांगलीत जाऊन त्यानं छातीएवढ्या पाण्यातनं म्हातारी माणसं खांद्यावरनं बाहेर काढली होती. दिग्विजयला सीएनसीवर त्यानंच चिकटवलं. ना आयटीआय, ना कसला दाखला, आकाराम मालकाला एवढंच म्हणाला, "पोरगं माझं हाय समजा." सुट्टीच्या वारी तो दारात पाट टाकून बसायचा आणि गल्लीतल्या पोरांच्या सायकलींच्या चेनी बसवून द्यायचा. सोनमला हाक मारायचा तीसुद्धा मऊ, "च्या टाकतीस का गं जरा?" सुट्टीच्या वारी प्रेस बंद असायच्या, आणि त्या दिवशी त्याच्या घरातनं कधी भांडं पडलेलं कुणाला ऐकू आलं नव्हतं.

"रागीट हाय जरा," राहीबाई म्हणायची. "पन मनानं लय चांगला."

रागीट माणसाला राग कधीही येतो, वार बघून येत नाही. हे दिग्विजयच्या डोक्यात एकदा आलं होतं. तेव्हा त्यानं हातातलं बोर्ड सोल्डर करून संपवलं आणि खिशातली नारिंगी फोमची बोंडं कानात आणखी आत सारली. कारखान्यात मशीनवर घालायची बोंडं. घरी बारीक काम करतानाही तो ती घालायचा. हात हलू नये म्हणून, असं म्हणायचा.

डिसेंबर लागल्यावर एका दुपारी सोनम दारात उभी राहिली. डोक्यावरचा पदर डाव्या कानावरनं ओढून घट्ट घेतलेला.

"भावजी, ह्यो पडला," ती म्हणाली आणि मोबाईल पुढं केला.

पडलेला मोबाईल कोपऱ्यातनं फुटतो. दिग्विजयनं असे शंभर तरी बघितले असतील. हा मधोमध फुटला होता, टाचेएवढा गोल, आणि त्या गोलातनं चारी बाजूंना भेगा गेलेल्या.

"कुठनं पडला?"

"हातातनं."

"बरं."

त्यानं काच बदलायला घेतली. ती उंबऱ्यातच बसली, आत आली नाही. बराच वेळ गेल्यावर तो मान वर न करता म्हणाला, "वैनी, माहेरी खंडाळ्याला जाऊन या की चार दिस."

"गेल्ते की दिवाळीला. भावानंच परत आणून सोडलं. ह्यांनी त्याला कोंबडं कापून जेवू घातलं. जाताना म्हनला, सोन्यासारखा मानूस हाय, तुलाच नीट ऱ्हायला येत न्हाई."

दिग्विजय काच बसवत राहिला.

"भावजी, ती कानातली बोंडं असत्यात न्हवं तुमच्याकडं?"

"हायत. कशाला?"

"ह्या कानात सारखं कुंई वाजतंय. त्यानं थांबंल का?"

"न्हाई वैनी. ती भाईरच्या आवाजाला असत्यात. आतल्याला काय उपेग न्हाई."

सोनमनं मोबाईल घेतला. नव्या काचेवर बोट फिरवून बघितलं. उठताना म्हणाली, "मग तुमी घरात कशाला घालताय?"

हे तिनं रागानं विचारलं नाही. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. उत्तरासाठी ती जरा थांबलीसुद्धा, आणि मग गेली.

त्याच आठवड्यात ज्योतिबा परत आला. अठरा कर म्हणाला. दिग्विजयनं केलं. पाच दिवसांनी आणखी एकदा आला. काखेत टॉवेल.

"फुल कर आता."

"फुल म्हंजे?"

"जेवढं जातंय तेवढं."

दिग्विजयनं कारखान्यातनं मागून आणलेली टेंपरेचर गन काढली. गेम लावला, अर्धा तास तसाच चालवला आणि लाल ठिपका आतल्या पत्तीवर धरून ज्योतिबाला आकडा दाखवला. "बावन्न. कुठं गरम हाय? नव्वदपतूर काय होत न्हाई ह्याला. तुझं डोकं गरम झालंय."

ज्योतिबा आकड्याकडं बघत होता. "कुठला गेम खेळतूस सध्या?" दिग्विजयनं विचारलं.

"खेळत न्हाई."

"मग?"

"नुसता लावतो." जरा वेळानं तो म्हणाला, "प्रेस हुत्या तवा बरं हुतं."

दिग्विजयच्या हातातली गन तशीच राहिली. लाल ठिपका ज्योतिबाच्या शर्टावर होता, मग भिंतीवर गेला, कॅलेंडरवर. तिथं अजून नोव्हेंबर होता. विचारायचा एक शब्द होता, तो त्याला माहीत होता. त्यानं गन बंद केली.

"चोवीसला सर्किट तापंल," तो म्हणाला. "रॅकमधी हवा मिळती का न्हाई ते बघाय पायजे. मीच येतो लावाय."

शनिवारी दुपारी तो पलीकडच्या घरात गेला. लहानपणी दिवसात दहा वेळा जायचा, अलीकडं जाणं कमी झालं होतं. सोनम आतल्या खोलीत भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही. लोखंडी रॅकवर टीव्ही, खाली गेम. रॅकच्या आणि भिंतीच्या मधे फटीत दिग्विजय मांडी घालून बसला. झाकण उघडं ठेवलं, मीटर लावला, स्क्रू चोवीसवर नेला. पंखा सुरू झाला तसा रॅक थरथरायला लागला आणि वरच्या पत्र्यानंही तो सूर धरला. ज्योतिबानं बंद केला.

"बास?"

"बास," ज्योतिबा म्हणाला. "आता जा तू."

"थांब की. दोन बोल्ट पिळतो, लय हलतोय रॅक."

तेवढ्यात बाहेर गाडी उभी राहिली. पहिली पाळी सुटली होती. आकाराम आत आला, डब्याची पिशवी खुंटीला अडकवली, ओंजळभर पाणी तोंडावर मारलं. रॅकच्या मागं बसलेला दिग्विजय त्याला दिसला नाही.

"ज्योत्या, लाव तुझं यंत्र."

चहा टाक म्हणावं तितक्या साध्या आवाजात म्हणाला.

ज्योतिबानं दिग्विजयकडं बघितलं. ते बघणं दिग्विजयला नंतर कधी नीट लिहिता आलं नाही. मग ज्योतिबानं बटण दाबलं, टीव्हीचा आवाज शेवटपर्यंत नेला आणि रिमोट मांडीवर घेऊन बसला. पडद्यावर गाड्या एका जागी उभ्या होत्या. तो त्या उभ्याच ठेवून बघत राहिला.

आकाराम आत गेला. दार ओढलं.

पंख्याच्या त्या गदारोळात दिग्विजयला काही ऐकू येईना. नुसतं दिसत होतं. दाराखाली चार बोटं फट होती. फटीत सोनमची पावलं दिसली, टाचा वर उचललेल्या, कुणी वरनं धरून उचलल्यासारख्या. मग पावलं दिसेनात. मग पिठाची परात उलटी झालेली दिसली, आणि पिठात एक हात, बोटं पसरलेला. हातावर काहीतरी नारिंगी येऊन पडलं. हात आत ओढला गेला. पिठावर त्याची रेघ राहिली. रॅकवरच्या पेल्यातलं पाणी नुसतं थरथरत होतं, आणि एका क्षणी सबंध भिंत थरथरली. पलीकडं कॅलेंडर होतं. ते पडणार नव्हतं. त्याची सोय त्यानंच केली होती.

त्याचा हात खिशाकडं गेला. बोंडांना बोटं लागली. दुसऱ्या हातात बारीक पेचकस होता.

त्यानं पेचकस स्क्रूच्या खाचेत बसवला आणि उलटा फिरवायला सुरुवात केली.

एक. दोन. तीन. काही फरक पडला नाही. चार, पाच. गिरणीचा मिक्सर झाला. ज्योतिबाची मान वळली. त्यानं दिग्विजयच्या हाताकडं बघितलं आणि मान हलवली, नको. सहा. सात. टीव्हीवर गाड्यांची नुसती घरघर. ज्योतिबा अजून मान हलवत होता. मग त्यानं रिमोट उचलला, आणि दिग्विजयला वाटलं हा आता आवाज वाढवणार. ज्योतिबानं टीव्ही बंद केला.

आठ. नऊ. आतनं फटका ऐकू आला. ओल्या कपड्यानं दगड बडवावा तसा. दहा. आकाराम ओरडत नव्हता. हे सगळ्यात वाईट होतं. तो हळू आवाजात काहीतरी विचारत होता आणि प्रत्येक विचारण्यामागं एक फटका. अकरा, बारा. "भावाला फोन कशाला केलास?" फटका. "सांग की. मी काय खातो का तुला?" फटका. तेरा. सोनमचा आवाज आला, "न्हाई ओ, न्हाई ओ, न्हाई ओ," एका दमात, मोजल्यासारखा. चौदा. पंधरा. बाहेर गल्लीत नळावर कुणीतरी भांडी घासत होतं. घासणं थांबलं. सोळा. कुणाच्या तरी दाराची कडी वाजली. सतरा, अठरा. आतनं एक मोठा धक्का आला, पत्रा वाजला. एकोणीस. भिंतीपलीकडनं राहीबाईच्या तोंडनं "आई गं" असं निघालं, आणि तेही ह्या खोलीत स्वच्छ ऐकू आलं. वीस. पंखा थांबला.

चार इंची भिंतीतनं किती येतं, ते तेव्हा सगळ्यांनाच एकदम कळलं.

आतलं दार उघडलं. आकारामच्या हातात गॅसची नारिंगी नळी होती. श्वास चढलेला, पण तोंड शांत.

"का बंद पडलं रं?"

"पडलं न्हाई, दादा." दिग्विजय रॅकच्या मागनं उठला. पाय मुंग्यांनी भरले होते. "मी कमी केलं."

आकारामनं त्याच्याकडं बघितलं. मग बाहेरच्या उघड्या दाराकडं, आणि दारातनं दिसणाऱ्या गल्लीकडं. नळावरची बाई इकडंच बघत होती. तो आधी दाराकडं गेला. दार लावलं. कडी घातली. मग परत आला.

"ह्योच हात न्हवं?" त्यानं दिग्विजयचा उजवा हात मनगटात धरला. "ह्या हाताला कामाला कुणी लावला?"

"तुमी, दादा."

"मग?"

त्यानं हात रॅकच्या लोखंडी पट्टीवर ठेवला, अंगठा कडेबाहेर काढला आणि स्वतःचा तळहात वर ठेवून सगळं वजन टाकलं. ओतकाम करणाऱ्या माणसाचं वजन. अंगठा मोडल्याचा आवाज ओली काडी मोडावी तसा आला. दिग्विजय खाली बसला, आणि आकाराम त्याच्याबरोबर खाली वाकला, हात न सोडता. नळी दिग्विजयच्या मानेवर आली, मग कानावर, मग परत मानेवर. मोजून मारल्यासारखी.

ज्योतिबानं गेम उचलला. वायरी ताणल्या, तुटल्या. लोखंडी पंख्यामुळं तो चांगलाच जड झाला होता. त्यानं तो दोन्ही हातांनी डोक्यावर नेला आणि भावाच्या खांद्यावर घातला. हाड मोडलेलं दिग्विजयनं ऐकलं. दुसऱ्यांदा घातला तो डोक्यावर. जाळी निघून खाली घरंगळली. आकाराम गुडघ्यावर आला, कपाळावरनं रक्त डोळ्यात उतरलं, आणि तो भावाकडं असा बघायला लागला, जसा काही सगळ्यात मोठा अन्याय त्याच्यावरच झाला होता. तिसऱ्यांदा ज्योतिबानं उचलला, पण घातला नाही. तसाच धरून उभा राहिला. कुणी त्याच्या हातातनं घेईल का, असा.

सोनम बाहेर आली. डाव्या कानातनं रक्ताची बारीक धार, अंगावर सगळीकडं पीठ. तिनं कुणाकडं बघितलं नाही. भिंतीला धरत दारापर्यंत गेली, कडी काढली आणि तशीच अनवाणी गल्लीत उतरली. दार तिनं उघडंच ठेवलं.

पुढचे आठ दिवस वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळं सांगितलं. आकारामनं दवाखान्यातनं तक्रार दिली. पोरं दिवसभर गेम खेळत होती, कामधंदा नाही, आपण तो काढून घेतला म्हणून दोघांनी मिळून मारलं. गळ्यापासचं हाड मोडलं, डोक्याला नऊ टाके. सोनमनं खंडाळ्यातनं जबाब दिला, पण नवरा कधीपासनं मारतोय ह्याला तिच्याशिवाय साक्षीदार कुणी नव्हता. गल्लीतली माणसं म्हणाली, आम्ही काही ऐकलं नाही. आधी प्रेसचा आवाज असायचा, नंतर त्या गेमचा. नळावरची बाई म्हणाली, मी भांडी घासून निघालेच होते. राहीबाई म्हणाली, "रागीट हाय, पन असं कधी काय न्हाई." घरी आल्यावर ती रात्री जेवली नाही. दिग्विजयनंही तिला काही विचारलं नाही.

हवालदार बरा माणूस होता. त्यानं दिग्विजयचा प्लॅस्टरमधला हात बघितला. "शनिवारचं तू डोळ्यांनी बघितलंस, ते लिहून दे. मागचं तुला काय माहिती असलं तर तेही दे. नसलं तर राहू दे."

नसलं तर राहू दे. दिग्विजयनं डाव्या अंगठ्यानं मोबाईलवर टाइप करायला घेतलं. चार ओळी लिहायचा, पुसायचा. शनिवारपासनं सुरुवात केली की सगळं सरळ येत होतं. मित्राच्या घरी रॅकचे बोल्ट पिळायला गेलो, तिथं हे झालं. त्यात तो चांगला माणूस होता. अंगठा मोडून घेतलेला.

पोलीस ठाण्याच्या बाहेर कडुनिंबाखाली सिमेंटचा बाक होता. ज्योतिबा तिथं बसलेला होता. त्याला रोज दहा वाजता हजर राहायला सांगितलं होतं. दिग्विजय शेजारी बसला. दोघं समोरची जप्तीतली मोटरसायकल बघत बसले.

"अंगठा दुखतोय का?"

"ठणकतोय."

"स्क्रू कसा फिरवणार आता?"

"डाव्यानं शिकीन."

ज्योतिबानं तुटक्या दातावरनं जीभ फिरवली. "मी एकदा मधी पडलो हुतो. तवा ह्यो दात गेला. परत न्हाई पडलो." मग म्हणाला, "दादा लाव म्हनला की लावायचो मी. तू नऊवर केलास तवा लय शिव्या दिल्या मनात तुला. मला बी ऐकाय येतंय म्हनून."

"मला का न्हाई सांगितलंस?"

ज्योतिबानं वळून त्याच्याकडं बघितलं. हसला नाही, चिडलाही नाही.

"काय सांगाय पायजे हुतं तुला?"

कडुनिंबाच्या काड्या खाली पडत होत्या. आतनं वायरलेसची खरखर येत होती.

"शनवारचं लिहिलंस तर मी भावाचं टाळकं फोडलेला हाय," ज्योतिबा म्हणाला. "तेवढंच. वैनीचं कोण खरं मानत न्हाई. आदल्या चार वर्सांचं सांगणारा कोण न्हाई. भिंतीला तोंड न्हाई." त्यानं पायानं एक काडी मोडली. "तू म्हनला हुतास, वाऱ्यानं पडतंय."

दिग्विजयनं डाव्या हातानं खिसा चाचपला. बोंडं काढली. घामानं चपटी झालेली, जुनी. ती त्यानं दोघांच्या मधे बाकावर ठेवली. मग मोबाईल काढला, लिहिलेल्या चार ओळी ज्योतिबाला दिसतील अशा धरल्या आणि पुसून टाकल्या.

"कॅलेंडर अजून तिथंच हाय," तो म्हणाला. "नोव्हेंबरच हाय अजून. हवालदारास्नी घरी नेऊन दाखवतो."

ज्योतिबानं बाकावरचं एक बोंड उचलून बोटांत दाबून बघितलं.

"खिळ्यापासनं लिहितो, ज्योत्या. सबुद देतो तुला. मला काय काय ऐकाय येत हुतं ते सगळं लिहितो, आन् आईनं जेवाण सोडलं तरी लिहितो."